समेटाला बसवण्याआधी जिवाचा धोका कसा ओळखायचा? (सोलापूर, प्रशिक्षणाबद्दल विचारायचं आहे)

बार्शीकर

नमस्कार. एमएसडब्ल्यू झाल्यावर मी सोलापुरात बायकांच्या एका समुपदेशन केंद्रात लागले. नवऱ्याच्या मारहाणीची तक्रार घेऊन येणाऱ्यांत विडी वळणाऱ्या सगळ्यात जास्त. त्याखालोखाल टॉवेलच्या कारखान्यात शिलाईला जाणाऱ्या, आणि काही अक्कलकोट, मंगळवेढ्याहून एसटीनं येणाऱ्या.

रुजू झाल्यावर आम्हाला प्रशिक्षण मिळालं ते सगळं कायद्याचं. २००५ चा कौटुंबिक हिंसाचार कायदा, न्यायालयात करायचा कलम १२ चा अर्ज, १८ ते २२ खालचे आदेश, घटनेच्या अहवालाचा नमुना १ कसा भरायचा. ते रोज उपयोगी पडतं. पण समोर बसलेल्या दोघींपैकी कुणाला आज रात्री घरी जाऊ द्यावं आणि कुणाला नाही, हे त्यात कुठेच नव्हतं.

अलीकडे एकाच सकाळी दोघी आल्या. एकीच्या भुवईवर टाके, डोळा सुजून बंद. दुसरीच्या अंगावर काहीच दिसत नव्हतं, फक्त आवाज बसलेला आणि पदर गळ्याभोवती घट्ट. ‘मारलं नाही ओ, नुसता गळा धरला होता,’ म्हणाली. पहिलीसाठी लगेच फोनाफोनी झाली. दुसरीला पुढच्या आठवड्याची तारीख दिली, नवऱ्याला बोलावून समोरासमोर बसवायची. मला दुसरीचीच जास्त धास्ती वाटतेय. पण ‘मला वाटतं’ एवढ्यावर तारीख बदलत नाही, आणि त्यापुढे सांगायला माझ्याजवळ काही नाही.

धोका मोजायच्या प्रश्नावल्या असतात असं ऐकलं आहे. त्या आपल्याकडे चालतात का? शिकायच्या कुठे? शिवाय आमच्याकडच्या निम्म्या बायका घरात तेलुगू बोलतात, मला तेलुगू येत नाही. या कामातल्या कुणी असाल तर कृपया लिहा.

---

अशोकचौक_निवृत्त

बार्शीकर, आधी त्या दुसऱ्या बाईचं बघ, बाकीचं नंतर. ती समोरासमोरची तारीख रद्द व्हायला पाहिजे. तिला फोन करू नकोस, फोन कुणाच्या हातात असेल सांगता येत नाही. ती विडी वळत असेल तर रोज माल द्यायला कारखान्यावर येतच असेल. तिथं गाठ. नवरा तिथं आत येत नाही, आणि दहा बायकांत एक बाई बोलताना कुणाच्या डोळ्यावर येत नाही.

आता तुझ्या धास्तीबद्दल. ती बरोबर आहे आणि तिला आधार आहे. जोडीदाराच्या हातून मारल्या गेलेल्या बायकांवर अमेरिकेत मोठा अभ्यास झाला. त्यातून २००८ साली असं पुढे आलं, की जिचा आधी एकदा गळा आवळला गेलाय तिचा खून होण्याची शक्यता, मार खाणाऱ्या पण गळा न आवळलेल्या बाईच्या तुलनेत, सात पटींहून जास्त असते. टाके पडलेली बाई आज जास्त जखमी आहे. गळा धरलेली बाई पुढे मरण्याची शक्यता जास्त आहे. बैठकीत हे असंच मांड. तू म्हणतेस म्हणून तारीख हलणार नसेल, तर या आकड्यावर हलायला हवी.

मी या कामात उभी हयात घालवली. आधी दवाखान्यात, मग समुपदेशनात. माझी घरची भाषा तेलुगू, शाळा मराठी, शेजार कानडी आणि दख्खनी, त्यामुळे सोलापूरच्या बायकांचं बोलणं मला चारी बाजूंनी ऐकायला मिळालं. त्यावरून सांगते. धोका मोजायचं प्रशिक्षण म्हणजे कागद भरायला शिकणं नव्हे. न लाजता, न घाबरवता नेमका प्रश्न विचारायला शिकणं, आणि उत्तर ‘हो’ आलं तर पुढच्या तासाभरात काय करायचं ते ठरलेलं असणं. दुसरं नसेल तर पहिल्याचा काही फायदा नाही.

प्रश्नावल्यांतली मला सगळ्यात जवळची ‘डेंजर असेसमेंट’. जॅकलिन कॅम्पबेल या परिचारिकेनं १९८५ मध्ये ती तयार केली, आणि अमेरिकेतल्या ११ शहरांतल्या खुनांच्या अभ्यासानंतर, २००३ च्या सुमारास, सुधारली. वीस प्रश्न आहेत. मारहाण वाढलीय का, हत्यार वापरलं का, मारून टाकीन म्हणतो का, गळा दाबला का, मर्जीविरुद्ध संबंध ठेवतो का, पोटुशी असताना मारलं का, सतत संशय घेतो का, तुझा दिवस तो ठरवतो का, गेल्या वर्षात तू घर सोडलंस का, तो बेकार आहे का, घरात तुझ्या आधीच्या नवऱ्याचं मूल आहे का, तो स्वतः जीव द्यायची धमकी देतो का. प्रत्येक उत्तराला सारखं वजन नाही. म्हणून बेरीज शिकूनच करावी लागते. आठच्या खाली बदलता धोका, ८ ते १३ वाढलेला, १४ ते १७ गंभीर, १८ आणि त्यापुढे अतिगंभीर. पहिल्या पायरीचं नाव ‘धोका नाही’ असं ठेवलेलंच नाही, हे ध्यानात ठेव. कमी बेरीज आली म्हणून बाईला ‘काही होत नाही, जा’ म्हणायचं नाही.

त्या वीस प्रश्नांच्या आधी एक कॅलेंडर असतं, आणि मला त्याचा फायदा प्रश्नांपेक्षा जास्त झाला. गेल्या वर्षभरात कुठल्या दिवशी मारलं, किती मारलं, ते बाईनंच खुणावून दाखवायचं. आपल्या बायकांना तारखा आठवत नाहीत, पण बाकी सगळं आठवतं. गड्ड्याच्या जत्रेआधी, संक्रांतीला माहेरी जाऊ दिलं नाही त्या दिवशी, आषाढीला, धाकट्याच्या शाळेच्या पहिल्या दिवशी, दिवाळीच्या बोनसच्या रात्री. मी भिंतीवरची दिनदर्शिका काढून समोर ठेवायची आणि सण धरून मागं मागं जायची. ‘पहिल्यासारखंच चाललंय’ म्हणणारी बाई उन्हाळ्यापर्यंत आली की स्वतःच थांबते. महिन्यातून एकदा होतं ते आठवड्याला आलंय हे तिला तिच्याच खुणांवरून दिसतं. ते तू सांगून पटलं नसतं.

काही प्रश्न इथल्या घरांत बसवून घ्यावे लागतात. तिकडे बंदुकीचा प्रश्न फार मोठा आहे, घरात बंदूक असली तर खुनाची शक्यता पाच पटींनी वाढते असं त्याच अभ्यासात आलं. इथं तू ‘बंदूक आहे का’ विचारून थांबलीस तर सगळ्यांचं उत्तर ‘नाही’ येईल. इथं विचार, कोयता कुठं ठेवतो? कात्री कधी उगारली का? रॉकेल, पेट्रोल अंगावर ओतलं का, ओतीन म्हणाला का? शेत असेल तर फवारणीचं औषध घरात असतं का, तुला पाजायला निघाला होता का? रॉकेल आता घराघरांत राहिलं नाही, पण गाडीतलं पेट्रोल बाटलीत काढून धमकी देणारे मी पाहिले आहेत. आणि एकट्या नवऱ्याबद्दल विचारून भागत नाही. तो मारत असताना सासू-दीर मध्ये पडतात की दार लावून घेतात, यावर तिचं जगणं ठरतं. मात्र हे जास्तीचे प्रश्न त्या वीसच्या बेरजेत मिसळायचे नाहीत, वेगळ्या कागदावर लिहायचे.

बाईला स्वतःला काय वाटतं ते नक्की विचार. ‘तो मला मारून टाकेल असं वाटतं’ म्हणाली तर बाकी उत्तरं काहीही असोत, तिचं खरं धर. पण ‘नाही ओ, जीव नाही घेणार’ म्हणाली म्हणून निश्चिंत होऊ नकोस. त्या ११ शहरांच्या अभ्यासात ज्यांचा खून झाला किंवा प्रयत्न झाला, त्यांतल्या जवळपास निम्म्या जणींना आपला धोका एवढा आहे याचा अंदाज नव्हता.

आणि माहेर. ‘माहेरी गेली, सुटली’ असं आपण फाईल बंद करताना लिहितो. घर सोडल्यानंतरचे दिवस आणि अर्जाची नोटीस त्याच्या हातात पडते ते दिवस, हेच सगळ्यात वाईट. त्याला तिच्या माहेरचा पत्ता माहीत, मुलांची शाळा सुटायची वेळ माहीत, ती विडी कारखान्याच्या कुठल्या शाखेत कधी माल द्यायला जाते तेही माहीत. म्हणून सुरक्षेच्या आराखड्यात शाखा बदलणं किंवा माल दुसऱ्या बाईबरोबर पाठवणं हे लिहावं लागतं. हा आराखडा परदेशातून आणलेला नाही. आपल्याच कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या २००६ च्या नियमांत नमुना ५ आहे, त्यात बाईला पुढे कसली भीती वाटते याचा रकाना आहे. नमुना १ सगळे भरतात. पाचवा बहुतेक ठिकाणी कोरा. त्याच नियमांतला १४ वा नियम तुझ्या वरिष्ठांना वाचून दाखव. समुपदेशनात नवऱ्याला हिंसेचं समर्थन मांडता येत नाही, आणि समेटाचा प्रयत्न बाईची इच्छा असेल तरच करायचा. ती इच्छा तिला एकटीला, दार लावून विचारलेली पाहिजे. तो शेजारच्या खुर्चीवर असताना दिलेला होकार मी कधी धरला नाही. धोका तपासल्याशिवाय दोघांना समोरासमोर बसवणं मला आजही सहन होत नाही. त्या टेबलावर ती जे बोलते त्याची किंमत ती त्याच रात्री घरी मोजते.

शिकायचं कुठं? ‘डेंजर असेसमेंट’चं प्रशिक्षण ऑनलाइन मिळतं, इंग्रजीत. जागतिक आरोग्य संघटनेची २०१४ ची हस्तपुस्तिका आणि २०१९ चा प्रशिक्षणक्रम फुकट उतरवून घेता येतो. त्यात तातडीचा धोका ओळखायचे मोजके प्रश्न आहेत, तीन किंवा जास्त ‘हो’ आले तर विशेष काळजी. सुरुवात त्यानंच कर. महाराष्ट्रात या कामाचा पाया जुना आहे. टाटा समाजविज्ञान संस्थेनं १९८४ मध्ये मुंबई पोलिसांबरोबर महिलांसाठी विशेष कक्ष सुरू केला, आणि ‘सेहत’ संस्थेनं मुंबई महापालिकेबरोबर वांद्र्याच्या भाभा रुग्णालयात हिंसा सोसणाऱ्या बायकांसाठी ‘दिलासा’ केंद्र उभं केलं. ‘सेहत’नं पुढे औरंगाबाद आणि मिरज-सांगलीच्या सरकारी रुग्णालयांत डॉक्टर-नर्सनाही तयार केलं. टाटा संस्था आणि ‘सेहत’, दोन्हीकडे तुझ्या केंद्राच्या लेटरहेडवर पत्र लिही. वैयक्तिक विनंतीपेक्षा संस्थेच्या मागणीला वजन येतं.

तेलुगूचं पुढच्या वेळी लिहिते, हात दुखायला लागला.

---

खाकी_सोलापूर

मी पोलीस दलात हवालदार आहे. ताईंनी लिहिलेलं वाचून आमच्या बाजूचं थोडं सांगते.

११२ वर फोन आला की आम्ही दारात पोहोचतो तेव्हा वीस प्रश्न विचारायला वेळ नसतो. अमेरिकेत मेरीलँडमध्ये २००५ पासून पोलिसांसाठी ११ प्रश्नांची पद्धत आहे. आम्हाला एका कार्यशाळेत ती दाखवली होती. पहिले तीन असे: तुझ्यावर हत्यार वापरलं का किंवा हत्याराची धमकी दिली का, तुला किंवा मुलांना मारून टाकीन म्हणाला का, तो तुला मारून टाकायचा प्रयत्न करेल असं तुला वाटतं का. यातल्या एकालाही ‘हो’ आलं की पोलिसानं तिथूनच मदत केंद्राला फोन लावायचा आणि तिला बोलायला द्यायचं. उद्या ये, अर्ज दे, असं नाही. आपल्याकडे हा नियम नाही, पण दोघांना वेगळ्या खोलीत नेऊन तीन प्रश्न विचारायला कुणाची परवानगी लागत नाही. मी विचारते. सखी केंद्राचा (पीडित बायकांसाठीचं सरकारी मदत केंद्र) किंवा १८१ या महिला हेल्पलाइनचा नंबर लावून फोन तिच्या हातात देते.

बार्शीकर ताई, तुम्ही बाईला आमच्याकडे पाठवाल तेव्हा पत्रात तिची वाक्यं जशीच्या तशी लिहा. ‘पती-पत्नीत वाद, मारहाण’ असं आलं की ते अदखलपात्र म्हणून नोंदवलं जायची भीती असते. ‘दोन्ही हातांनी गळा दाबला, डोळ्यांपुढे अंधार आला, लघवी झाली’ असं आलं की ठाणे अंमलदाराला कलम बघावंच लागतं. आता ४९८-अ च्या जागी भारतीय न्याय संहितेचं ८५ आहे, पण गळा दाबणं तिथंच संपत नाही, खुनाच्या प्रयत्नाचं १०९ लागू शकतं. संरक्षण आदेश झालेला असेल तर त्याची प्रत बाईजवळ आणि ठाण्यात, दोन्हीकडे ठेवा. कौटुंबिक हिंसाचार कायद्याच्या कलम ३१ खाली आदेश मोडणं हा गुन्हा आहे, एक वर्षापर्यंत कैद होते. प्रत हातात नसली की रात्रपाळीचा माणूस काही करू शकत नाही.

---

अपघात_विभाग

डॉक्टर आहे, अपघात विभागात बरीच वर्षं काढली. गळ्याबद्दल एवढंच लिहितो.

खूण नाही म्हणजे इजा नाही, हा समज डॉक्टरांतही आहे. अमेरिकेत सॅन डिएगोला अशा ३०० प्रकरणांच्या नोंदी तपासल्या तेव्हा निम्म्यांत डोळ्यांना दिसेल अशी खूणच नव्हती. मानेच्या दोन्ही बाजूंच्या रक्तवाहिन्या दाबल्या गेल्या तर दहा सेकंदांच्या आसपास शुद्ध हरपते. बाईला ते ‘चक्कर आली’ एवढंच आठवतं.

विचारायचं ते असं: आवाज बदललाय का, गिळताना दुखतं का, श्वास घ्यायला त्रास होतो का, मधला काही वेळ आठवत नाही असं आहे का, कपड्यांत लघवी झाली होती का. बघायचं ते डोळ्यांच्या पांढऱ्या भागात, पापण्यांच्या आत, कानामागे बारीक लाल ठिपके. बाईचा रंग सावळा असेल तर मानेवरचे वळ सहज दिसत नाहीत, हात लावून दुखतंय का ते पाहावं लागतं. रक्तवाहिनीच्या आतल्या थराला चीर गेली तर काही दिवसांनीही पक्षाघात होऊ शकतो, आणि घशाची सूज उशिरा वाढू शकते. त्यामुळे तुमची ती बाई, आवाज बसलेली, आजच्या आज सिव्हिलला यायला हवी. कौटुंबिक हिंसाचार कायद्याचं कलम ७ रुग्णालयाला उपचार नाकारू देत नाही, आणि घटनेचा अहवाल आधी झाला नसेल तर नमुना १ आम्हीच भरून संरक्षण अधिकाऱ्याला पाठवायचा असतो. चिठ्ठीवर ‘गळा आवळल्याचा इतिहास, मानेची तपासणी व्हावी’ असं ठळक लिहून द्या. नाहीतर गर्दीत मलमपट्टीच्या रांगेत उभी राहील आणि परत जाईल.

---

बार्शीकर

तिघांचेही आभार. काल दुपारी कारखान्यावर तिला भेटले. एक सहकारी बरोबर होती, तिला तेलुगू येतं. सिव्हिलला नेलं, मानेचा सीटी झाला, दोन दिवस ठेवून घेतलं आहे. समोरासमोरची तारीख रद्द झाली. २००८ चा आकडा आणि नियम १४, दोन्ही कागदावर लिहून बैठकीत ठेवले. वरिष्ठांनी ते वाचले आणि पुढच्या आठवड्यात सगळ्या समुपदेशकांना एकत्र बसवू म्हणाल्या.

अडचण वेगळीच आहे. ताईंनी सांगितलेले प्रश्न विचारले, बरेच ‘हो’ आले. आणि ती म्हणते, डिस्चार्ज झाला की घरी जाणार. मुलगी दहावीला आहे, तिला तिथं सोडून राहणार नाही.

---

अशोकचौक_निवृत्त

तिला अडवू नकोस. ‘एवढं सांगूनही जातेस?’ असा सूर आवाजात आला तर ती पुन्हा तुझ्याकडे येणार नाही, आणि ती परत येणं हेच आत्ता सगळ्यात महत्त्वाचं आहे. मुलीला सोडून राहणार नाही हे तिचं म्हणणं धरूनच आराखडा कर. मुलीसह आठ दिवस मामाकडे किंवा सखी केंद्रात राहता येईल का, शाळेत जायची वाट बदलता येईल का, मुख्याध्यापिकेशी बोलायचं का, हे तिलाच विचार. तरीही घरीच जायचं ठरलं, तर निदान एवढं बोलून घे: भांडण चढायला लागलं की स्वयंपाकघरात जायचं नाही, बाहेर पडायचं दार असलेल्या खोलीत थांबायचं. कोयता, कात्री रोज नजरेआड ठेवायची. आधार, रेशनकार्ड, मुलीची मार्कशीट, विडी कामगाराचं ओळखपत्र यांच्या प्रती शेजारणीकडे. मुलीनं कुठला शब्द ऐकला की बाहेर पळायचं आणि ११२ लावायचा, ते दोघींत ठरलेलं. आणि पुन्हा गळ्याला हात लागला तर थांबायचं नाही, सरळ बाहेर. त्याचबरोबर त्याच कायद्याच्या कलम २३ खाली एकतर्फी (नवऱ्याचं म्हणणं ऐकायच्या आधी मिळणाऱ्या) अंतरिम आदेशासाठी अर्ज तयार ठेव, म्हणजे ती ‘हो’ म्हणेल त्या दिवशी नुसती सही राहील. प्रश्न पुन्हा विचारायचे दर भेटीला. धोका महिन्यात बदलतो, जुन्या बेरजेवर विसंबायचं नाही.

तेलुगूचं. सासू, नणंद किंवा लेकरू यांच्याकडून अर्थ सांगून घ्यायचा नाही, कितीही घाई असली तरी. तुझ्या सहकारीला ते प्रश्न मोठ्यानं बोलून सराव करू दे, लिहिलेलं वाचून दाखवलं की बाईला शाळेतल्यासारखं वाटतं. पुढच्या आठवड्यातल्या बैठकीला मी येते. तीन खुर्च्या मांडा, एक विचारणारी, एक बाई झालेली, तिसरी नुसती बघणारी. तिसरीनं एवढंच टिपायचं, की विचारणारीच्या तोंडून ‘का’ किती वेळा आलं. का नाही निघालीस, का सहन केलंस. ते ‘का’ तोंडातून गेले की मग वीस प्रश्न घेऊ. खाकी ताई, जमलं तर तुम्हीही या, दारात विचारायचे ते तीन प्रश्न तुमच्याकडूनच ऐकवा. आणि डॉक्टर, त्या लाल ठिपक्यांचे फोटो दाखवता आले तर चांगलं होईल, आमच्यापैकी बहुतेकींनी ते कधी पाहिलेले नाहीत.